निराशेचे पॅकेज

नवी दिल्ली रेल्वे स्थानकासमोरच्या पहाडगंजमध्ये स्वस्त हॉटेलांच्या जोडीला सहली विकणाऱ्या एजंटांची दाटी आहे. मित्रमंडळी अंदमानचे पॅकेज इथेच ठरवतात, आणि बेटावरच्या निराशेचे मूळ पुष्कळदा या व्यवहारातच असते. अंदमानात मेच्या उत्तरार्धापासून पावसाळा लागतो. समुद्र खवळला की स्वराज द्वीपच्या बोटी रद्द होतात, पाण्यातले खेळ थांबतात. याच दिवसांत दर उतरतात. त्यामागचे कारण मात्र विचारल्याशिवाय कळेलच असे नाही.

कोणी म्हणेल, स्वस्तात गेल्यावर तक्रार कसली? पण पैसे कमी दिले म्हणून खरी माहिती मिळण्याचा हक्क कमी होत नाही. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा सेवेतली त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात, दोन्हींविरुद्ध दाद मागू देतो. सगळेच एजंट फसवे नसतात, हेही खरे. म्हणूनच प्रामाणिक एजंटाला लेखी देण्यात अडचण नसावी. हॉटेलचे नाव, बोटीची वेळ आणि बोट रद्द झाल्यास मिळणारा परतावा कागदावर घ्या. तरीही फसगत झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक जरूर फिरवा.