उंच गाडी आणि आमची पांदण

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने जुनी मोटारसायकल विकत घेतली, हीरोची एक्सपल्स २००. ही गाडी २०१९ साली बाजारात आली. त्याआधी २०११ मध्ये याच कंपनीने इम्पल्स नावाची अशीच गाडी काढली होती. ती काही वर्षांत बंद पडली. खडकाळ, चिखलाच्या वाटेसाठी बनवलेल्या गाड्यांत ही त्यातल्या त्यात स्वस्त.

भाचा मला कौतुकाने समजावतो, "मामू, पुढचं चाक एकवीस इंची आहे. मोठं चाक दगडावर अडत नाही, चढून जातं. आणि पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर." मी म्हटले, आमच्या लहानपणी दूधवाले राजदूतला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून याच चिखलातून जायचे. तो हसला.

तुमसरहून बपेऱ्याला येणारा डांबरी रस्ता पुढे बावनथडी ओलांडून मध्य प्रदेशात जातो. परराज्यात जायला डांबर आहे. शेतात जायला मात्र पांदण. पावसाळ्यात तिथे बैलबंडीसुद्धा रुतते.

श्रावणात रोवणी बघायला म्हणून अम्मी बांधीवर गेली आणि धुऱ्यावरून घसरली. पाय सुजला. ट्रॅक्टर पांदणीच्या तोंडाशीच फसला होता. भाच्याची गाडी मात्र चिखल उडवीत थेट तिच्यापर्यंत पोहोचली. मला खरेच अभिमान वाटला.

"नानी, बस."

अम्मीने सीटकडे पाहिले. पोट उंच ठेवायचे तर सीटही उंच येते; जवळजवळ पावणेतीन फूट. दुखऱ्या पायाने तिला त्यावर टांग टाकता येईना. म्हणाली, "बेटा, ही गाडी आहे की उंट?" शेवटी चौघांनी तिला खाटेवर उचलून आणले. गाडी मागून दिवा दाखवत आली.

गाडीचा यात दोष नाही. ती वाट नसलेल्या ठिकाणी हौसेने जाणाऱ्यासाठी आहे. आम्ही हौसेने जात नाही. म्हातारी माणसे, बाळंतपणाला निघालेली लेक, खताचे पोते, यांना उंच गाडी नको, मुरमाचा रस्ता हवा.

राज्य सरकारने २०२१ साली शेतरस्त्यांसाठी योजना आणली. तिच्या नावात पहिला शब्द आहे 'मातोश्री'. आमच्या पांदणीसाठी आम्ही अर्ज लिहिला, तेव्हा दुसरी सही भाच्याची होती.

सही करताना म्हणाला, "मामू, मुरूम पडला तर माझ्या गाडीची मजा जाईल."

मी म्हटले, "मजेला आंबागडाकडचे डोंगर आहेत. पांदण तुझ्या नानीसाठी राहू दे."