आधी कानामागे ठिपका, मग पापणीला रंग

(आपल्या प्रभाग संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ब्युटी पार्लर चालवणाऱ्या एका सदस्य ताईंनी केलेलं हे भाषण. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी ते इथे देत आहोत.)



आधीच्या ताया शेळ्यांवर बोलल्या, मसाल्यावर बोलल्या. माझा विषय पुकारला तेव्हा काही जणी तोंडाला पदर लावून हसल्या, ते मी पाहिलं. पापणीच्या केसांवर काय बोलायचं, असं वाटलं असेल. पण या हॉलमध्ये पार्लर चालवणाऱ्या कितीतरी जणी आहेत. आणि ज्यांचं पार्लर नाही त्यांच्या घरात लग्नाच्या मुली आहेत. म्हणून दहा मिनिटं माझं ऐका.

हल्ली नवरी मेकअपचं बोलायला येते तेव्हा मोबाइलवर फोटो दाखवते. म्हणते, "ताई, मला लॅश लिफ्ट करायचंय आणि टिंटपण." लिफ्ट म्हणजे पापण्यांचे केस मुळापासून वर वळवून तसेच बसवायचे. टिंट म्हणजे त्यांना काळा रंग द्यायचा. मग काजळ-मस्कारा न लावताही डोळे मोठे आणि भरीव दिसतात. सहा-आठ आठवडे टिकतं. नंतर पापणीचे जुने केस आपोआप गळतात आणि नवे सरळ येतात.

दिसायला काम सोपं आहे. गटातून वीस हजार अंतर्गत कर्ज घेऊन मी खुर्ची आणि किट आणलं. एका नवरीमागे हजार-बाराशे मिळायला लागले तेव्हा वाटलं, हप्ता आता सहज फिटणार. पहिल्याच वर्षी जे घडलं ते आज सगळ्यांसमोर सांगते. लाज वाटते, पण सांगते.

माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. शनिवारी लग्न, शुक्रवारी हळद. बुधवारी संध्याकाळी पोरगी आली. म्हणाली, "मामी, माझ्या पापण्या करून दे ना, दोन्ही." कोर्समध्ये आम्हाला शिकवलं होतं की रंगाच्या दोन दिवस आधी कातडीवर थोडा लावून बघायचा. पॅच टेस्ट म्हणतात त्याला. मला माहीत होतं, पण वेळ नव्हता आणि पोरगी घरची होती. घरच्या पोरीला कसली टेस्ट, म्हणून मी लिफ्ट केलं आणि लगेच रंगही लावला. पोरगी आरशात बघून खूश झाली.

गुरुवारी रात्री तिच्या डोळ्यांना खाज सुटली. शुक्रवारी सकाळी दोन्ही पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. मांडवात हळद कालवून ठेवलेली आणि आम्ही नवरीला घेऊन तालुक्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आधी कधी काळी मेंदी लावली होती का?" पोरगी म्हणाली, हो, जत्रेत लावली होती, तेव्हा हातावर फोड आले होते. हे मी तिला विचारलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, रंग डोळ्याच्या आत गेला नाही हे नशीब समजा.

लग्न झालं. फोटोत पोरीचे डोळे सुजलेले आहेत, ते तसेच राहणार. नणंदबाई सहा महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचं काय चुकलं? चूक माझी होती.

त्यानंतर मी या विषयाचा पिच्छा पुरवला. जे कळलं ते सांगते.

काळी मेंदी, केसांचा काळा रंग आणि पापणीचे बरेचसे रंग यांत एकाच कुळातली रसायनं असतात. पॅराफेनिलिनडायमिन हे त्यातलं मोठं नाव, थोडक्यात पीपीडी म्हणतात. एखादीच्या शरीराने त्याचा एकदा राग धरला की तो बहुधा जन्मभर राहतो. पहिल्यांदा हातावर फोड येतात, पुढच्या वेळी तोच रंग पापणीला लागला तर डोळा सुजतो. आणि हा त्रास लगेच दिसत नाही. कधी काही तासांनी, कधी दोन दिवसांनी वर येतो. म्हणून "लावलं तेव्हा काही झालं नाही" या बोलण्याला अर्थ नाही.

ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेत १९३३ च्या सुमारास पापण्या रंगवायचा 'लॅश ल्यूर' नावाचा रंग निघाला होता. त्यात हेच कूळ होतं. त्याने बायकांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली, दृष्टी गेली. अशा प्रकारांवरून तिथे ओरड झाली आणि १९३८ साली सौंदर्यप्रसाधनांसाठी कडक कायदा आला.

आपल्याकडेही नियम आहे. घरी गेल्यावर केसांच्या रंगाचं खोकं चष्मा लावून वाचा. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हा रंग पापण्यांना आणि भुवयांना लावू नये, त्याने डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते, आंधळेपणही येऊ शकतं. आणि आपण काय करतो? भुवईचा एक केस पांढरा दिसला की दहा रुपयांच्या पुडीतला उरलेला रंग काडीने भुवईला लावतो. बायांनो, ते आजपासून बंद. आणि पार्लरवाल्या मैत्रिणींनो, केसांचा रंग पापणीला कधीच नाही, कितीही चांगल्या कंपनीचा असू दे. ज्या डब्यावर पापण्यांसाठी असं स्पष्ट लिहिलंय, आत पत्रक आहे, तारीख आहे, तोच घ्यायचा. तसा मिळाला नाही तर फक्त लिफ्ट करा आणि वरून मस्कारा लावा. नवरी तेवढ्यानेही सुंदर दिसते.

आता दोन्ही एकत्र करायचं तर कसं, ते सांगते. लिहून घ्या.

पहिलं काम विचारायचं. काळ्या मेंदीने किंवा केसांच्या रंगाने कधी खाज, फोड आले होते का? डोळे आलेत का, रांजणवाडी झालीय का? इतक्यात डोळ्याचं ऑपरेशन झालंय का? गरोदर आहे का? यातल्या एकालाही "हो" आलं तर त्या दिवशी काम करायचं नाही. आणि रंगाने आधी त्रास झालेला असेल, तर तिला टिंट कधीच नाही. सोळा वर्षांखालच्या मुलीला तर विचारायचंही नाही, सरळ घरी पाठवायचं.

दुसरं काम कानामागचा ठिपका. रंग आणि त्याचं डेव्हलपर, पापणीला लावताना कालवतो तसंच थोडं कालवायचं. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका द्यायचा. लिफ्टच्या लोशनचा दुसरा ठिपका त्याच्या शेजारी, पत्रकात सांगितलं असेल तेवढाच वेळ. केसांच्या रंगाच्या खोक्यावर २४ तास थांबा असं असतं, मी ४८ तास थांबते. खाज, लाली, पुरळ काहीही दिसलं तर काम नाही. आणि ही टेस्ट दरवेळी करायची. मागच्या वर्षी चाललं म्हणून या वर्षी चालेल असं नसतं.

तिसरं, क्रम. आधी लिफ्ट, मग रंग. उलटं केलं तर लिफ्टचं लोशन रंग उतरवतं, पैसे आणि मेहनत दोन्ही वाया. लिफ्टचं एक नंबर लोशन केसाची आतली बांधणी सैल करतं, केसांना पर्म करतात तसंच. केस काढायच्या क्रीममध्ये ज्या जातीचं रसायन असतं, बऱ्याच किटमध्ये त्याच जातीचं असतं हे. म्हणून ते कातडीला लागू द्यायचं नाही आणि केसांच्या टोकांनाही लावायचं नाही. दोन नंबर लोशन सैल झालेला केस नव्या वळणात पक्का बसवतं. रंग बहुतेक किटमध्ये या दोन नंबरनंतर लावतात. तीन नंबरचं पोषणाचं लोशन सगळ्यात शेवटी, कारण तेलकट केसावर रंग धरत नाही. तुमच्या किटच्या पत्रकात वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा. लिफ्ट आणि रंग एकाच कंपनीचे असले तर उत्तम.

चौथं, वेळ. पातळ केसांना कमी वेळ लागतो, जाड केसांना जास्त. पण पत्रकात दिलेल्या वेळेच्या पुढे एक मिनिटही नाही. मोबाइलवर गजर लावा, गप्पांच्या नादात राहू नका. लिफ्ट केलेला केस मोकळा झालेला असतो, तो रंग लवकर पितो. म्हणून नुसत्या टिंटला जितका वेळ देतो, त्यापेक्षा कमी द्यायचा. आणि लाइटचा भरवसा नाही, तेव्हा चार्ज केलेली बॅटरी हाताशी ठेवा. लोशन डोळ्यावर असताना अंधार झाला तर पुसणार कसं?

लिफ्टनंतर डोळा लाल दिसला, पाणी आलं, मुलगी "चुरचुरतंय" म्हणाली, तर तिथेच थांबायचं. रंग त्या दिवशी नाहीच. दोन्हीचे पैसे ठरले होते म्हणून दोन्ही केलंच पाहिजे असं नसतं.

पाचवं, स्वच्छता. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, आठवतंय ना? एकीच्या डोळ्याला लागलेला ब्रश दुसरीला लावला की साथ आपणच वाटतो. ब्रश आणि बड एकदा वापरून टाकून द्यायचे. चिमटा साबणाने धुऊन, मग निर्जंतुक करून. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी काढायला लावायची. डोळे शेवटपर्यंत मिटलेले.

एवढं करूनही डोळ्यात काही गेलंच, तर स्वच्छ पाण्याची धार. मान एका बाजूला कलती करून, त्या बाजूचा डोळा उघडा धरून, निदान पंधरा मिनिटं. त्यानंतर लगेच डॉक्टर, आणि रंगाचा डबा सोबत न्यायचा, म्हणजे आत काय गेलं ते त्यांना कळतं. गुलाबपाणी नाही, मध नाही, अंगावरचं दूध तर अजिबात नाही. आजीचा उपाय आजीपाशी राहू द्या.

नंतर मुलीला सांगायचं की एक दिवस पापण्यांना पाणी, वाफ, तेल लावू नको, डोळे चोळू नको. म्हणून हळदीच्या आदल्या रात्री हे काम कधीच घेऊ नका. हळद म्हटलं की तेल आलं, न्हाणं आलं. लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी टेस्ट आणि पाच-सहा दिवस आधी काम, असं मी आता धरते.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. हे सगळं पाळायला लागले तेव्हा माझी गिऱ्हाइकं कमी झाली. एक नवरी आली, म्हणाली, परवा लग्न आहे, आजच करून द्या. मी नाही म्हटलं. ती उठली आणि पलीकडच्या गावातल्या पार्लरमध्ये गेली. तिथे तिला टेस्ट न करता अर्ध्या तासात करून दिलं. ते पार्लर कुणाचं होतं? आपल्याच संघातल्या बहिणीचं. तिच्यावर माझा राग नाही. तिच्यावरही कर्ज आहे, तिलाही दर महिन्याला हप्ता आहे. त्या नवरीला काही झालं नाही, देवाची कृपा. पण माझ्या भाचीला झालं होतं, आणि टेस्ट केल्याशिवाय कुणाला होणार हे आपल्याला कळत नाही.

एकटीने नियम पाळला तर तिचा धंदा जातो. सगळ्यांनी पाळला तर कुणाचाच जात नाही. बचतीचं तरी काय आहे? एकीने शंभर रुपये डब्यात टाकले तर ते तिचे शंभरच. सगळ्यांनी टाकले म्हणून बँक आपल्याला दारात उभं करते.

म्हणून माझी संघाला विनंती आहे. आपल्या संघातल्या सगळ्या पार्लरवाल्यांनी मिळून एकच नियम करावा. कानामागे ठिपका दिल्याशिवाय आणि दोन दिवस थांबल्याशिवाय पापणीला रंग नाही, कुठल्याच गावात नाही. प्रत्येकीने एक वही ठेवावी. त्यात मुलीचं नाव, टेस्टची तारीख, वापरलेला रंग आणि तिची सही. गटाच्या बैठकीला आपण वही आणतोच, त्यात ही एक जास्त. मुलीने "दुसरीकडे जाते" म्हटलं, तर तिला सांगता येईल, "जा बाई, तिथेही हेच सांगतील."

आणि ज्यांचं पार्लर नाही त्या आयांना, मावश्यांना सांगते. पोरगी पापण्या करायला निघाली की सोबत जा आणि पार्लरवालीला तीन गोष्टी विचारा. रंगाचा डबा बघू, टेस्ट कधी केलीस, आणि डोळ्यात गेलं तर पाणी कुठे आहे? जिला राग येईल तिच्याकडून करून घेऊ नका.

माझ्या भाचीला आता मुलगी झालीय. परवा बारशाला नणंदबाईंनी मला ओटी भरायला पुढे बोलावलं. त्या फोटोंचा विषय अजूनही निघत नाही, मीही काढत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरात असा फोटो असू नये, एवढ्यासाठी बोलले.



(या सूचनेवर पुढच्या मासिक बैठकीत चर्चा होईल. पार्लर चालवणाऱ्या सदस्यांनी आपापल्या ग्रामसंघाकडे नाव नोंदवावं आणि सध्या वापरात असलेल्या रंगाचा डबा पत्रकासह बैठकीला आणावा.)