डोक्यावर काही नसताना चालायचं

बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या बचतगटाच्या सगळ्या ताई, मावश्या, आक्का, वहिनींनो, आज हप्ता नाही, व्याज नाही, रजिस्टर नाही. आज थंडीत चालायला जाण्याबद्दल बोलायचंय.

तुम्ही म्हणाल, चालणं काय आम्हाला शिकवता? खरंय. आपण खुरपायला चालतो, वैरणीला चालतो, बाजाराला चालतो. तुकोबांची पालखी बारामतीहून बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी जाते, तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणी दोन-दोन मुक्काम तिच्यासोबत चालतात. पण डोक्यावर भारा नाही, कडेवर पोर नाही, हातात पिशवी नाही, अशा आपण शेवटच्या कधी चाललो? मागच्या हिवाळ्यात बैठकीत आम्ही हे विचारलं, तर बराच वेळ कुणी बोललंच नाही. मग एक आक्का म्हणाल्या, "लग्नाच्या आधी."

तिथून सुरुवात झाली. आम्ही आठ जणी निघालो. पहिल्या रविवारी घरी सांगितलं, मीटिंग आहे. खोटं बोललो, कबूल करतो. दुसऱ्या रविवारी मात्र खरं सांगितलं, फिरायला चाललोय. "रिकामं फिरायला?" असं एका सासूबाईंनी विचारलं. सूनबाई म्हणाली, "हो, रिकामंच." पुढच्या महिन्यात त्या सासूबाईच आमच्याबरोबर होत्या. सगळीकडे असं गोड झालं नाही. आमच्या गटातली एक जण अजून येत नाही, तिच्या घरी पटलेलं नाही. आम्ही तिला आग्रह करत नाही, पण दर रविवारी फोन करून निघतोय एवढं सांगतो.

पहिल्यांदाच लांब जाऊ नका. आम्ही नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरून सुरुवात केली. वाट सपाट, माती मऊ, कडेला झाडं. अर्धा तास जायचं, अर्धा तास यायचं. कालव्याच्या काठापासून मात्र चार हात लांबच चालायचं. पहिल्या दिवशी पाय दुखले ते शेतात वाकून दुखतात तसे नाही, पोटऱ्या दुखल्या. तिसऱ्या आठवड्यात ते थांबलं.

चपलेचं सांगतो, कारण तिथेच आम्ही चुकलो. रबरी चप्पल घालून तासभर चाललं की अंगठ्यापाशी सोलतं. कापडी बूट घ्या, एक नंबर मोठे, म्हणजे आत जाड मोजा बसतो. पोराचे शाळेचे जुने बूट असतील तर तेही चालतात, लाजायचं काय त्यात? रात्री टाचेच्या भेगांना कोकम तेल लावून मोजे घालून झोपा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही वाण म्हणून मोज्यांची जोडी दिली. शेजारणी हसल्या, पण वापरतात सगळ्याच. स्वेटर जाड एक नको, पातळ दोन घाला. चालताना अंग तापतं, तेव्हा वरचा काढून कमरेला बांधता येतो. थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी प्यायचं. साखरेचा किंवा बीपीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारा आणि उपाशी पोटी निघू नका. बाजरीची भाकरी, ठेचा आणि गुळाचा खडा बांधून घ्या.

आता भीतीचं. ह्या दिवसांत ऊस उभा असतो आणि आपल्या भागात बिबट्या नवा राहिलेला नाही. म्हणून चांगलं उजाडल्यावरच निघायचं, उसाच्या कडेची अरुंद वाट टाळायची, एकटीने मागे राहायचं नाही आणि बोलत चालायचं. ते आपल्याला शिकवावं लागत नाही. खरी भीती आम्हाला वाटते ती दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरची. डांबरी रस्त्यावर उजव्या बाजूने, समोरून येणारं वाहन दिसेल असं चाला.

जानेवारीच्या शेवटी आम्ही भिगवणला गेलो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे २०२३ पासून, त्याचा असाही उपयोग. पुढे कुंभारगावाला उजनीच्या पाण्याकाठी. पाणी ओसरू लागलं की तिथे रोहित पक्षी उतरतात, गुलाबी पंखांचे, लांब पायांचे. पट्टकदंब नावाची हंसाच्या जातीची पाखरंही येतात. ती हिमालय ओलांडून, बर्फाच्या मुलखातून येतात, आणि आपण भिगवणला जायला इतकी वर्षं लावली! होडीतून पाखरं दाखवतात, पण बसायच्या आधी दर ठरवून घ्या.

काठावर उतरलो तर काळा चिखल. आमच्या एकीची चप्पल आत गेली ती गेलीच, परत सापडली नाही. तेव्हा गटातली कॉलेजला जाणारी मुलगी म्हणाली, बर्फाच्या देशात लोक पायाला लाकडाची किंवा प्लास्टिकची रुंद चौकट बांधून हिवाळ्यात हौसेने फिरायला जातात. पाऊल रुंद झालं की वजन पसरतं, मग पाय रुतत नाही. आम्हाला लगेच समजलं. चिखलात बैलगाडी अडली की चाकाखाली फळी घालतात, तेच हे. चौकट आमच्याकडे नव्हती, म्हणून मागे फिरून मुरमाच्या वाटेने गेलो.

आमच्यातल्या एक मावशी मात्र पाखरं बघतच नव्हत्या. त्या पाण्याकडे बघत होत्या. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, भीमेचं पाणी मागे पसरलं आणि काठची गावं उठली. पळसदेवचं जुनं देऊळ अजून उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसतं. मावशींचं माहेर त्या पाण्याखाली गेलेलं. त्यांनी बोटाने दाखवलं, "तिकडं आमचं अंगण." आम्हाला नुसतं पाणीच दिसत होतं. इतकी वर्षं त्या तालुक्यातच राहतात, पण मुद्दाम बघायला कधी आल्या नव्हत्या, कारण तिकडे काही काम नव्हतं. आम्ही सगळ्या तिथेच बसलो, भाकरी खाल्ली. परत जायची घाई त्यांनी केली नाही, आम्हीही केली नाही.

ह्या हिवाळ्यात सुप्याला जायचं ठरवलंय. बारामती तालुक्यातच आहे मयूरेश्वर अभयारण्य, १९९७ पासून. पाच चौरस किलोमीटरच्या आसपास गवताळ माळ, आणि त्यात चिंकारा हरणं. आत जाताना वनखात्याच्या माणसाला विचारायचं, तो सांगेल त्याच वाटेने जायचं, आवाज करायचा नाही. हे आम्हाला जड जाणार! गवतात कुसळं असतात, म्हणून बूट हवेतच, आणि साडीचा काठ वर खोचून घ्यायचा.

मार्गशीर्षातले गुरुवार सोडून कुठलाही दिवस धरा. तुमच्या गटातून चार जणी निघाल्या तरी पुरे. येताना भाकरी दोन जास्त बांधा, कुणीतरी आणायची विसरतंच.