ट्रंकेतले लोकरी कापड



चांगले कापड आपण लेकीसुनांसाठी म्हणून ठेवतो आणि शेवटी खाते ती कसर! या थंडीत मी ट्रंकेतले तीन मीटर लोकरी कापड काढून स्वतःलाच पायघोळ झगा शिवला. हसू नका!

कापड उजेडासमोर धरावे. भोके दिसतात, ती टाळून बेतावे. लोकर आटते, म्हणून आधी गार पाण्यात भिजवून, न पिळता, सावलीत वाळवावे. काखेत सैल, फळीवरच्या डब्यापर्यंत हात गेला पाहिजे. मनगटाशी मात्र आवळ, शेगडी जवळ असते. आत जुन्या मलमलीचे अस्तर लावले, की टोचत नाही. इस्त्री ओल्या फडक्यावरूनच.

“या वयात झगा?” सासूबाई म्हणाल्या. परवा पहाटे त्यांनीच विचारले, “उरलंय का गं कापड?” त्यांची बंडी बेतून ठेवली आहे.