माकडतापाच्या औषधाला गिऱ्हाईक कोण?

१९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि मागोमाग माणसे तापाने फणफणली. त्यामागचा विषाणू शोधला तो आपल्या पुण्यातल्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या 'एनआयव्ही'ने. गोचिडीच्या चाव्यातून होणारा हा माकडताप २०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागातही आला. काहींना त्यात रक्तस्राव होतो; शंभरातले तीन ते पाच दगावतात.

यावर नेमके औषध आजही नाही. सलाईन, गरजेप्रमाणे रक्त आणि देखरेख, एवढाच उपचार. जुनी लस पुरेशी गुणकारी राहिली नाही, म्हणून २०२२ मध्ये तीही थांबली. औषध का निघत नाही? बाजाराचे गणित साधे आहे. रुग्ण थोडे, तेही बहुतेक शेतकरी आणि मजूर. मग कंपनीचा खर्च निघायचा कसा?

इबोलाचे उदाहरण पाहा. २०१४ च्या मोठ्या साथीनंतर अमेरिकी सरकारने संशोधनात पैसा घातला आणि २०२० मध्ये तिथे दोन औषधांना मान्यता मिळाली. माकडतापाच्या नव्या लशीसाठी आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेनेही हैदराबादच्या एका कंपनीला सोबत घेतले आहे. औषधाचेही तसेच व्हावे. सरकारने खरेदीची हमी आधी द्यावी, मग कंपन्या पुढे येतील. काजूच्या बागेत राबणाऱ्या बाईचा जीव नुसत्या नफ्यातोट्यावर सोडता येणार नाही.