खाली माणूस आहे
(सावदा इथं तरुणांसमोर केलेलं भाषण)



मी मॅट्रिक शिकलेला, गोदीत माल चढवणारा-उतरवणारा माणूस. कविताही लिहितो. पण आज बोलणार आहे गटारावर. नाकाला रुमाल लावू नका. गटाराचा इतिहास हा आपलाच इतिहास आहे.

पाणवठ्याची वरची बाजू गावाची, खालची महारवाड्याची. वरच्यांनी गुरं धुवायची, तेच पाणी आपण प्यायचं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तर सनातन्यांनी शेण-गोमूत्र कालवलेल्या 108 घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. म्हंजे माणसाच्या ओंजळीनं पाणी बाटतं आणि शेणानं शुद्ध होतं! हे यांचं शास्त्र.

आता खरं शास्त्र ऐका. लिटरभर स्वच्छ पाण्यात प्राणवायू मावतो आठेक मिलिग्रॅम. मासे त्यावर जगतात. लिटरभर मैलापाणी कुजताना अडीचशेच्या आसपास खातं. म्हंजे आपल्या एका लिटरनं तीस लिटर नदी गुदमरते. मैला कुठल्या जातीचा, हे नदी विचारत नाही.

याला इलाज आहे, आणि तो 1914 पासून जगाला माहीत आहे. जाळीनं कचरा अडवायचा, वाळू बसू द्यायची, मग टाकीत हवा फुंकायची. हवेवर जिवाणू पोसतात, घाण खातात, गाळ होऊन तळाशी बसतात. त्यातला थोडा गाळ पुन्हा कामाला लावायचा, वरचं निवळ पाणी क्लोरीन देऊन सोडायचं. हे जिवाणू म्हंजे कामगारच की! हवा तोडली की मरतात. वीजबिल थकलं, पंप बंद पडला, की कोटीचा प्रकल्प म्हंजे नुसतं डबकं. फीत कापायला सगळे येतात, पंप चालतो का हे बघायला कोण येतो?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा 2021 चा अहवाल सांगतो: देशातल्या शहरांचं मैलापाणी रोज 72,368 दशलक्ष लिटर, त्यातलं साफ होतं 20,236. बाकीचं कुठं जातं? खाली.

सावद्याच्या वर सातपुडा, खाली तापी. बऱ्हाणपूरच्या खाली हतनूर, हतनूरच्या खाली भुसावळ, पुढं प्रकाशा, उकाई, सुरत. नदीच्या हिशेबात प्रत्येक गाव कुणाच्या तरी खालचं आहे. आपण सोडलेलं खालच्यानं प्यायचं, हा गावकुसाचा कायदा आपणही पुढं चालवायचा काय?

गोदीत एक साधा नियम आहे. जहाजाच्या पोटात माल सोडण्याआधी बघायचं, खाली माणूस आहे का. हा नियम नगरपालिकेला का नको?

आणि खाली म्हंजे नुसतं नदीकाठी नव्हे. चेंबरमध्येही माणूस आहे, आणि तो बहुतेक आपल्यातलाच. 2013 च्या कायद्यानं त्याला साधनांशिवाय उतरवणं गुन्हा ठरवलं. तरी तो उतरवला जातो, वायूनं मरतो. सुप्रीम कोर्टानं भरपाई 2014 ला 10 लाख सांगितली, 2023 ला 30 लाख केली. मेल्यावर आमचा भाव वाढतो साला! आम्हाला भाव नको, यंत्र पाहिजे.

म्हणून घोषणा देऊन घरी जाऊ नका. नगरपालिकेत जा, लेखी विचारा. शहराचं मैलापाणी रोज किती, आणि कुठल्या नाल्यानं जातं? शौचालयांच्या टाक्या कोण उपसतो, आणि तो गाळ कुठं ओततो? साफ करून सोडलेल्या पाण्याची तपासणी कधी झाली? 2017 च्या अधिसूचनेनं आपल्यासारख्या शहरांना प्राणवायूच्या मागणीची हद्द 30 मिलिग्रॅम घातली, तुमचा आकडा काय? तो आकडा दर महिन्याला चौकातल्या फळ्यावर लिहा म्हणावं. सफाई कामगारालाही वाचता येईल असा, मराठीत. उत्तर मिळालं नाही तर पुढल्या महिन्यात पुन्हा जा, दुप्पट माणसं घेऊन.

महाडला आपण पाणी पिण्याचा हक्क घेतला. आता ते पाणी पिण्यालायक ठेवण्याचा हक्क घ्यायचा आहे, आपल्यासाठी आणि भुसावळात नळ उघडणाऱ्या अनोळखी माणसासाठीही.