दुखणं आणि घड्याळ

बाई, सर आणि दहावी ‘ब’च्या मित्रमैत्रिणींनो,

मघाशी सगळे बसलेले असताना मी मागे उभी होते, ते रुसून नव्हे. सहा वर्षं कंबर दुखतेय. एमआरआयमध्ये मणक्यातली गादी झिजलेली दिसली आणि घाबरून मी वाकणंच सोडलं; मुलीला उचलून घेणंसुद्धा. डॉक्टर म्हणाले, नस दबलेली नाही, ऑपरेशन नको. गोळ्यांनी पित्त व्हायचं. शेवटी फिजिओथेरपिस्टनी सांगितलं, चाळिशीतल्या, कंबर न दुखणाऱ्या 100 जणांपैकी साधारण 68 जणांची गादी झिजलेलीच दिसते. तेव्हा कुठे भीती उतरली. मग दुखणं बघून नाही, घड्याळ बघून चालायचं ठरलं: रोज 10 मिनिटं, बऱ्या दिवशीही 10च. बऱ्या दिवशी थांबणंच जास्त जड जायचं! आता 40 मिनिटं चालते. दुखतं अजून. पण आज सकाळी वर्गात वाकून बाकाखाली कोरलेलं नाव शोधलं. सर, ते मीच कोरलं होतं.